नारू : एका शब्दाची कहाणी

भाषेच्या शिक्षकाला शब्द मरताना पाहणे सुखाचे नसते. वस्तू वापरातून जाते आणि तिच्या पाठोपाठ तिचे नावही जाते. मोट गेली, तसा नाडा गेला, सोंदूर गेला, धाव गेली. जाते अडगळीत पडले आणि त्याच्या खुंट्याची ओळख नव्या पिढीला उरली नाही. अशा वेळी आम्हांस हळहळ वाटते आणि ती आम्ही वर्गात बोलूनही दाखवितो. परंतु आमच्या सबंध नोकरीत एक शब्द असा भेटला की, तो विद्यार्थ्यांना ठाऊक नाही हे पाहून आम्हांस दरवर्षी नव्याने समाधान वाटत आले आहे. तो शब्द म्हणजे नारू.

गावगाड्याविषयी शिकविताना 'कारू-नारू' हा जोडशब्द येतो. कारू म्हणजे बलुतेदार आणि नारू म्हणजे अलुतेदार, एवढा अर्थ सांगून झाला की आम्ही मुलांना विचारतो, "याखेरीज दुसरा एक नारू होता, तो कोणास माहीत आहे?" वीसएक वर्षांपूर्वी या प्रश्नाला दोनचार हात वर होत. कोणाच्या आजोबांनी सांगितलेले असे, कोणाच्या आजीने घोट्यावरचा वण दाखविलेला असे. आता एकही हात वर होत नाही. निपाणी-चिकोडी भागातील आमच्या शाळांतून मराठीबरोबर कन्नडही मुलांच्या कानावर सतत असते, आणि कन्नडमध्येही या रोगाला 'नारू हुण्णू' असेच म्हणत. भाषेवरून या सीमेवर कितीही वाद झाले, तरी या दुखण्याचे नाव दोन्ही भाषांनी एकच ठेवले होते. आणि आज दोन्ही भाषांतील मुले ते सारखीच विसरली आहेत. इंदूर-उज्जैनकडील वाचकांनी हा रोग नहारू म्हणून ऐकला असेल, बडोद्याकडील वाचकांनी वाळो म्हणून. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला स्नायुक म्हटले आहे. स्नायूच्या तंतूसारखा जो दिसतो तो स्नायुक. वैद्यांनी तो पाहिला होता, त्याला समर्पक नाव दिले होते. पण तो येतो कोठून, हे कोडे मात्र शतकानुशतके सुटले नव्हते.

ज्यांनी नारू पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बहुधा पायावर, घोट्याच्या किंवा पोटरीच्या आसपास एक फोड येई. त्याची आग अशी होई की रोग्याला पाय पाण्यात बुडविल्यावाचून चैन पडत नसे. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखे एक टोक डोकावे. तोच नारू. एक मिलिमीटरभर किंवा थोडा अधिक जाड आणि हातभर, कधी त्याहूनही लांब असा हा कृमी मनुष्याच्या कातडीखाली वर्षभर वाढलेला असे. त्यावर औषध नव्हते. एका काडीला ते टोक गुंडाळायचे आणि रोज बोट-दोन बोटे, हलक्या हाताने, ओढीत राहायचे. घाई केली आणि दोरा आतच तुटला, तर पाय सुजे, पू होई आणि रोगी महिनोन् महिने जायबंदी होई.

आम्ही सात-आठ वर्षांचे असताना, म्हणजे १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तंबाखूच्या हंगामात पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मजुरांच्या टोळ्या आमच्या गावी येत. त्यांतील एक मजूर ऐन हंगामात आमच्या गोठ्याच्या सावलीला पाय पसरून बसलेला आम्हांस स्मरतो. त्याच्या घोट्यापाशी एक काडी बांधलेली असे. रोज सकाळी तो ती सोडी, एक वेढा देई आणि पुन्हा बांधून ठेवी. आम्ही पोरे भोवती कोंडाळे करून पाहत असू. आमच्या आई त्याला भाकरी देत. परंतु ती घेताना त्याची मान खाली असे. कारण बाकीची टोळी खळ्यावर कामाला होती आणि त्याची मजुरी बुडत होती. हे कशाने झाले, असे वडिलांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "दैवाचं हाय मालक, कशानं म्हणून सांगू?"

या उत्तरात अज्ञान होते हे खरे. परंतु त्या अज्ञानाला कारणही सबळ होते. पाणी प्यावे आज आणि फोड यावा पुढच्या वर्षी, असा हा रोग होता. एका वर्षाच्या अंतराने घडणाऱ्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध केवळ अनुभवाने जुळत नाही. तो जुळविण्यासाठी कोणीतरी भिंगाखाली पाहत बसावे लागते.

असे पाहणारा पहिला मनुष्य होता अलेक्सेई फेदचेन्को हा रशियन निसर्गशास्त्रज्ञ. १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात, समरकंदच्या परिसरात काम करताना त्याला आढळले की, नारूच्या मादीने पाण्यात सोडलेली सूक्ष्म पिले सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या शरीरात शिरतात. हा सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा, पाण्यात टुणटुण उड्या मारणारा पांढुरका ठिपका. त्याच्या कपाळी एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. मनुष्याच्या रोगाचा एक मुक्काम अशा क्षुद्र जीवाच्या पोटी असू शकतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. पॅट्रिक मॅन्सनने हत्तीपायाचा संबंध डासाशी जोडला तो त्यानंतर, १८७७ साली. पुढे १९०७ मध्ये रॉबर्ट लायपर याने दाखविले की, जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातील नारूची पिले मात्र मोकळी होऊन हालचाल करू लागतात.

येथून या कहाणीचा धागा आपल्या मुलखाकडे वळतो. त्या काळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याची मुख्य वैद्यकीय प्रयोगशाळा मुंबईत परळ येथे होती. तिलाच १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. या प्रयोगशाळेत डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी १९१० च्या दशकात नारूचा अभ्यास केला आणि बाधित सायक्लॉप्स पाण्यातून पोटात गेल्यास मनुष्याला नारू होतो, याची प्रयोगाने खात्री करून घेतली. पुढे १९३० च्या दशकात जुन्या म्हैसूर संस्थानात, चित्रदुर्गाच्या बाजूला, डॉ. व्ही. एन. मूर्ती यांनी डब्ल्यू. सी. स्वीट यांच्या सहकार्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. पायऱ्यांच्या विहिरींत त्यांनी सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. विहिरीतला शत्रू विहिरीतल्याच रहिवाशाकडून संपवावा, ही युक्ती किती साधी आणि आपल्या मातीतली! याच संशोधकांनी कुत्र्यालाही प्रयोगाने नारूची लागण होऊ शकते, हे दाखवून ठेवले. त्या वेळी ती गोष्ट प्रयोगशाळेतील एक कुतूहल एवढ्याच मोलाची वाटली असेल. तिचे महत्त्व पाऊण शतकानंतर कसे कळले, ते पुढे येईलच.

तेव्हा वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, या रोगाचे सारे रहस्य १९२० च्या आतच उलगडलेले होते. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो. आग शमविण्यासाठी पाय पाण्यात सोडतो. मादी लक्षावधी पिले पाण्यात टाकते. सायक्लॉप्स ती गिळतो. पंधरवड्याने ती पिले लागण करण्याजोगी होतात. कोणी बाई त्याच विहिरीतून घागर भरून नेते. घरचे ते पाणी पितात. आणि वर्षाने त्या घरात कोणाच्या तरी पायावर फोड उठतो. हे चक्र एका ठिकाणी तोडले की रोग संपला. तोडण्याचे साधनही महाग नव्हते. पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यावे, म्हणजे सायक्लॉप्स कापडावर राहतो. पायावर नारू असताना पाण्यात उतरू नये. विहिरीच्या पायऱ्या बंद करून वरून रहाटाने पाणी काढावे. बस्स. बुखाऱ्यात लिओनिद इसायेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच उपायांनी १९३१ पर्यंत हा रोग हटविला होता.

मग आपल्याकडे त्यासाठी आणखी साठ-पासष्ट वर्षे का लागली? आम्ही मराठीचे पदवीधर; विज्ञानाचे नव्हे. तरीही या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला आहे, कारण आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर विज्ञानात कमी आणि भाषेत अधिक आहे. परळच्या प्रयोगशाळेतील ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत छापले गेले. ते लंडनला पोहोचले, कलकत्त्याला पोहोचले. पण विजापूरच्या बाजूच्या खेड्यात घागर घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचले नाही. त्या बाईला जे वाक्य हवे होते ते अवघ्या चार शब्दांचे होते : पाणी गाळून पीत जा. हे वाक्य लंडनहून खेड्यापर्यंत यायला बोटीला लागणाऱ्या वेळापेक्षा फार अधिक वेळ लागला. आणि नुसते वाक्य पोहोचूनही भागत नाही. 'गाळून पीत जा' असे तर आमच्याकडील पूर्वापारच्या शिकवणीतही होते. ते 'का' आणि 'कशातून', हे पटेल अशा रीतीने पोहोचावे लागते.

ते पोहोचविण्याचा पद्धतशीर उद्योग भारतात १९८३-८४ पासून सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने राज्यांच्या मदतीने नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये देशात नारूचे सुमारे ४० हजार रोगी मोजले गेले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडू अशा सात राज्यांत हा रोग पसरलेला होता. मोजणी म्हणजे घरोघर जाऊन, चित्र दाखवून, "असे कोणाला झाले आहे काय?" म्हणून विचारणे. आम्ही माध्यमिक शाळेत असताना आरोग्य खात्याचा एक कर्मचारी असेच एक चित्र घेऊन आमच्या वर्गात आला होता आणि घरी जाऊन विचारून येण्यास त्याने सांगितले होते. विहिरींत औषध टाकणे, हातपंप बसविणे, पायऱ्या बुजविणे ही कामे अभियंत्यांनी आणि खात्यांनी केली. परंतु कापड घागरीच्या तोंडावर बांधण्याचे काम स्वयंपाकघरातच व्हावयाचे होते आणि तेथे शासनाचा हुकूम चालत नाही. तेथे केवळ पटवून देणेच चालते.

या रोगावर लस नव्हती आणि आजही नाही. त्याला मारणारे औषध नव्हते आणि आजही नाही. तरीसुद्धा जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. देवीचा रोग लशीने घालविला. नारू घालविला तो पाण्याच्या सोयीने, कापडाच्या तुकड्याने आणि समजावून सांगण्याने. रोगनिर्मूलनाच्या इतिहासात या तिसऱ्या साधनाला 'आरोग्यशिक्षण' असे एक रुक्ष नाव आहे. आमच्यासारख्या शिक्षकाला मात्र त्या नावाने अभिमान वाटतो. कारण एका परोपजीवी जीवाचा पराभव मुख्यत्वे शिकविण्याने झाला, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

परोपजीवी हा शब्द आला तेव्हा थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पाठ्यपुस्तकात 'परजीवी' असा शब्द येतो आणि मुले तो पाठ करतात. पण आंब्याच्या फांदीवर वाढलेले बांडगूळ त्याच मुलांनी पाहिलेले असते. बांडगूळ म्हणजेच परजीवी वनस्पती, हे सांगितले की वर्गातले चेहरे उजळतात. ज्याच्या जिवावर परजीवी जगतो त्याला शास्त्रात कोणी आश्रयी म्हणतात, कोणी पोषक. आम्ही पोशिंदा म्हणतो. तो शब्द शेतकऱ्याच्या घरातला आहे, मुलांच्या ओळखीचा आहे. परक्या शब्दाने कळलेली गोष्ट परीक्षेपुरती राहते. ओळखीच्या शब्दाने कळलेली गोष्ट घरी जाते, असा आमचा अनुभव आहे.

मराठीला हा विचार नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले ते शास्त्रीय विषय लोकांच्या भाषेत आणण्यासाठीच. पुण्यात १९२८ साली 'सृष्टिज्ञान' सुरू झाले. मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणासारख्या कुटुंबांना या परंपरेची गरज अधिक आहे. आमच्या सीमाभागात कर्नाटक शासनाच्या मराठी शाळांतून मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात. पुढे पदवीपूर्व वर्गात पाऊल टाकले की तेच विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. इंग्रजी शिकावे, उत्तम शिकावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एक भय आम्हांस वाटते. मुलगा विज्ञानात पहिला येतो, परंतु काय शिकला हे त्याला आपल्या आजीला सांगता येत नाही. त्याच्या डोक्यात परळची प्रयोगशाळा आहे आणि त्याच्या घरात पायऱ्यांची विहीर; मधला रस्ता मात्र पुन्हा तुटला आहे.

हे भय केवळ जुन्या रोगाच्या आठवणीने उपजलेले नाही. नारू गेला, परंतु आमच्या मुलांच्या पोटातले त्याचे भाईबंद गेलेले नाहीत. त्यांतील सर्वांत कपटी तो अंकुशकृमी. शौचातून त्याची अंडी ओल्या मातीत पडतात, पिले तेथे वाढतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. हा कातडीचा मार्ग कैरोमध्ये आर्थर लूस याने १८९८ च्या सुमारास शोधला. त्याच्याच हातावर पिलांचे पाणी सांडले होते. आतड्यात पोहोचल्यावर हा कृमी भिंतीला चिकटून रक्त पितो. एकाने पिऊन पिऊन किती प्यावे? थेंब-दोन थेंब. पण असे शेकडो झाले की पोर पांढरेफटक पडते, वर्गात पेंगते, आणि आम्ही त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. या कृमीवर मद्रास इलाख्यात मोठी तपासणी झाली आणि ती करणारे संशोधक मराठी होते, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. डॉ. कृ. श्री. म्हसकर यांनी जे. एफ. कायस या शास्त्रज्ञाबरोबर, कोणते कृमिनाशक किती गुणकारी ठरते याचा अभ्यास १९१९ पासूनच्या काही वर्षांत केला आणि तो प्रसिद्ध केला. आपल्यातील एक मनुष्य शंभर वर्षांपूर्वी परप्रांतात जाऊन तेथील मजुरांच्या रक्तक्षयाचे मूळ शोधीत होता. त्याचे नाव आपल्या घरांतून किती जणांना ठाऊक आहे?

आज या कृमींवर औषध आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना अंगणवाडीतून आणि शाळेतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मुलाने ती आमच्यासमोर चावून खावयाची असते. आजारी मुलाला ती त्या दिवशी देत नाहीत. म्हणजे परोपजीवी जीवांशी चाललेल्या या लढाईत आता मुख्याध्यापकही एक शिपाई आहे. आणि येथेच जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो.

काही वर्षांपूर्वी या दिवसाच्या आधी गावात एक वार्ता पसरली. कोठेतरी गोळी खाऊन मुले चक्कर येऊन पडली, अशी ती वार्ता मोबाईलवरून घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी सातवीच्या एका मुलीची आजी शाळेत आली. या घराण्याचे मूळ विजापूरकडच्या कोरड्या भागातले. दुष्काळाने गाव सुटले आणि विड्या वळण्याच्या कामाला ही माणसे निपाणीत आली. आजींच्या हातात घरी पाठविलेले छापील पत्रक होते. ते नातीने त्यांना वाचून दाखविले होते.

"गुरुजी, ह्यात गोळी घ्या म्हणून हाय. कशापायी घ्या, त्ये कुटं हाय?"

"आज्जी, पोटातल्या जंतांसाठी आहे ती."

"पर माझ्या नातीच्या पोटात जंत हाईत, ह्ये कुणी बघितलं?"

प्रश्न बिनतोड होता. एखाद्या संशोधकाने विचारावा तसा. आम्ही त्यांना बसावयास सांगितले आणि विज्ञानाच्या बाईंना बोलाविले. बाईंनी अंकुशकृमीचे मोठे चित्र आणले, कृमीचे तोंड आणि त्यातील दात दाखविले, माती ते पाय आणि पाय ते पोट असा त्याचा प्रवास सांगितला. आजी ऐकत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "म्हंजी नारूवानीच की ह्यो. त्यो पाण्यातनं याचा, ह्यो मातीतनं येतोय."

आम्ही चकित झालो. नारूविषयी त्यांना कसे ठाऊक, असे विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, सासरच्या गावी असताना दवाखान्याकडून एक बाई आली होती. तिने विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेतले, गल्लीतल्या साऱ्या बायकांना भिंगातून दाखविले, मग तेच पाणी पदराच्या दुहेरी घडीतून गाळून पुन्हा दाखविले. "पयल्या पेल्यात उड्या मारत्यात, दुसऱ्यात काय बी न्हाई. मग इस्वास बसला. तवापासनं आजपत्तुर मी बिनगाळल्यालं पाणी घरात घेतल्यालं न्हाई, नळाचं बी न्हाई. त्या बाईनं दावलं हुतं गुरुजी. नुस्तं सांगितलं न्हवतं."

त्या दिवशी दुपारी बाईंनी गावतळ्याचे पाणी आणून मुलांना भिंगातून सायक्लॉप्स दाखविला. आजी थांबल्या होत्या. त्यांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि नातीला कन्नड-मराठी मिसळून सारे समजावून सांगितले. शाळेत आजवर झालेल्या विज्ञानाच्या तासांत त्या तासाची गणना आम्ही वरच्या रांगेत करतो. आणि तो तास घेणारी व्यक्ती निरक्षर होती. गोळीच्या दिवशी आजींनी नातीला स्वतः आणून सोडले, आणि गल्लीतल्या आणखी चार-पाच घरची मुलेही त्यांच्याबरोबर आली.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. शास्त्रज्ञ भिंगाखाली पाहतो, ते संशोधन. शिक्षक वर्गाला पाहावयास लावतो, ते शिक्षण. आणि ती अनामिक आरोग्यसेविका भर गल्लीत पेला उजेडाकडे धरून बायकांना पाहावयास लावते, ते लोकशिक्षण. या तिन्ही गोष्टी मुळात एकच आहेत : स्वतः पाहणे आणि दुसऱ्याला पाहू देणे. फेदचेन्कोने जे समरकंदला पाहिले, तेच त्या आजींनी आपल्या गावच्या गल्लीत पाहिले. मध्ये गेला तो शंभर वर्षांहून अधिक काळ. हे अंतर कमी करणे एवढेच आमच्यासारख्यांचे काम आहे. लोक अडाणी आहेत, ते ऐकत नाहीत, असे म्हणणे सोपे असते. लोक ऐकत नाहीत असे नाही. त्यांना दाखविले जात नाही.

ही कहाणी अजून पूर्ण झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रोगी होते, असा अंदाज होता. २०२३ साली सबंध जगात मनुष्यांमध्ये केवळ १४ रोगी नोंदले गेले. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नष्ट होणारा मनुष्याचा दुसरा रोग हाच ठरेल, अशी आशा अनेक वर्षे बाळगली जात आहे. परंतु आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या संख्येने आढळू लागला आणि अंतिम विजय लांबला. मूर्ती आणि स्वीट यांनी १९३० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगाचे मोल तेव्हा कळले. शास्त्रात कोणतेही खरे निरीक्षण वाया जात नाही. कधी कधी त्याला वाचक उशिरा मिळतो, इतकेच.

आता आपल्या मासिकाच्या वाचकांना एक विनंती. आपापल्या घरी ज्या वडीलधाऱ्या व्यक्ती आहेत, त्यांना नारूविषयी विचारावे. नहारू म्हणून विचारावे, वाळो म्हणून विचारावे, आपल्या प्रांतात जे नाव असेल त्या नावाने विचारावे. पाणी कसे गाळीत, कापड कोणते घेत, त्यांना ते कोणी सांगितले आणि कोणत्या भाषेत, हे लिहून ठेवावे. आणि घरातील जे मूल इंग्रजीतून विज्ञान शिकत असेल, त्याला आठवड्यातून एकदा तरी आजी-आजोबांपुढे बसवून, आज काय शिकलास ते मराठीतून सांग, असे म्हणावे. पहिल्या दिवशी ते अडखळेल. चार वाक्यांत तीन शब्द इंग्रजी येतील. हरकत नाही. आजी मध्येच "म्हणजे काय रे?" असे विचारतील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलाला आपला धडा पहिल्यांदा खराखुरा कळेल.

नारू हा शब्द मेला, तो मरू द्यावा. परंतु तो कसा मेला, हे सांगणारे शब्द मात्र आपल्या घरांत जिवंत राहिले पाहिजेत.